स्त्रीपार्ट

मराठी रंगभूमीवर पुरुष नटाने केलेली स्त्री-भूमिका. विष्णुदास भावे यांच्या सीता स्वयंवरापासून (सांगली, १८४३) ही प्रथा रूढ झाली. स्त्रियांनी रंगमंचावर येणे तेव्हा समाजमान्य नव्हते. नटाची ओळख मात्र एकाच लिंगाच्या भूमिकांत अडकून पडत नसे. केशवराव भोसले बालवयात ‘शारदा’ नाटकातील शारदा म्हणून गाजले आणि १९२१ मध्ये दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त ‘मानापमान’ नाटकात नायक धैर्यधर झाले. त्यांच्यासमोर नायिका भामिनी होती बालगंधर्वांची.

बालगंधर्वांनी (नारायण श्रीपाद राजहंस, १८८८–१९६७) हा प्रकार कळसाला नेला. नऊवारीचा काठ, पदर सावरण्याची लकब, मान किंचित कलती ठेवून पाहणे, यांबरोबर एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद नेणारी मींड त्यांच्या अभिनयाचाच भाग होती. त्यांची वेशभूषा व केशभूषा प्रतिष्ठित घरांतील स्त्रियाही उचलत. ‘एकच प्याला’ नाटकात (१९१९) भरजरी शालू बाजूला ठेवून ते नायिका सिंधूच्या जीर्ण लुगड्यात वावरले. ‘धर्मात्मा’ (१९३५) चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली.

‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकात स्त्रियांनी भूमिका केल्या. त्यानंतर ही प्रथा मागे पडत गेली.