बेळ्ळंदूरच्या पाण्यावरचा मुक्काम

नोकरीच्या निमित्ताने मुलूख सोडून राहणाऱ्या माणसाला दोन सवयी आपोआप जडतात. थोडक्या सामानात बिऱ्हाड मांडण्याची एक, आणि परक्या गावात एखादा पाणवठा आपलासा करण्याची दुसरी. नागपूरहून आलेला मनुष्य बंगळूरात फुटाळ्याची आठवण काढतो, कोल्हापूरचा रंकाळ्याची. आणि संध्याकाळी फिरायला निघाला की दोघांचीही पावले नकळत कोणत्या तरी तलावाच्या बांधाकडे वळतात. आमचेही तसेच झाले. बेळ्ळंदूरच्या तलावाशी आमची ओळख अशीच बांधावरून झाली, आणि त्या ओळखीतून एक जुना प्रश्न पुन्हा वर आला. भर थंडीत, डोंगराळ प्रदेशातल्या मोठ्या सरोवरावर, राहुटी व शिधा होडीत घालून एकट्याने हिंडणारे लोक पश्चिमेत आहेत. त्या छंदाशी आपल्याकडच्या पाण्याचा काही संबंध कधी आला काय?

प्रथम त्या छंदाच्या कुळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ज्या होडीतून हा प्रवास होतो ती कयाक मूळची इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलची कातडी ताणून शिवलेली, वरून झाकलेली, एका शिकाऱ्यापुरती. बर्फाळ पाण्यात ती हौसेसाठी नव्हे, पोटासाठी उतरत असे. तिचे हौसेत रूपांतर करण्याचे श्रेय बव्हंशी जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश बॅरिस्टराकडे जाते. १८६५ साली ‘रॉब रॉय’ नावाची एकट्यापुरती लाकडी होडी बांधून तो युरोपातल्या नद्या आणि सरोवरे पालथी घालून आला. दुसऱ्या वर्षी त्याने त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले आणि विलायतेत अशा होड्यांचे वेडच पसरले. त्या पहिल्या फेरीत मात्र बॅरिस्टरसाहेब रात्री खाणावळीत उतरत. खरा मुक्काम पुढचा. १८६८-६९ च्या हिवाळ्यात नव्या होडीतून तो सुएझ, नाईल आणि जॉर्डन या भागांत गेला, आणि तेव्हा होडीतच, वर कापड ताणून, झोपू लागला. हूलेच्या दलदलीत तिथल्या अरबांनी त्याला पकडले आणि होडीसकट खांद्यावर उचलून नेले. तिथून सुटून तो गालीलच्या सरोवरावर पोहोचला. होडी हेच घर, ही कल्पना त्या हिवाळ्यात पक्की झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपल्याकडे पाहू. सांगाड्यावर कातडे ताणून केलेली होडी दख्खनला नवी नाही. कन्नडमध्ये तिला हरिगोलू म्हणतात. बांबूच्या कामट्यांची वाटोळी टोपली, बाहेरून बैलाचे किंवा म्हशीचे कातडे, आणि अलीकडे कातड्याच्या जागी डांबर फासलेले प्लास्टिकचे कापड. १५२० च्या सुमारास विजयनगर पाहून गेलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीजाने तुंगभद्रेवर या होड्या पाहिल्या. एकेकीत पंधरा-वीस माणसे बसत, प्रसंगी घोडे आणि बैलसुद्धा उतरवत, असे तो लिहितो. १८०० साली धोंडजी वाघाचा पाठलाग करीत निघालेल्या आर्थर वेलस्लीला पावसाळ्यात फुगलेल्या नद्यांनी अडविले, तेव्हा त्यानेही याच टोपल्यांचा आसरा घेतला. जो पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि वॉटर्लूला जिंकला, त्याला कर्नाटकातल्या एका टोपलीने नदीपार नेले, ही गोष्ट इंग्रजी इतिहासकारांना फारशी सांगाविशी वाटत नाही.

या होडीचा शास्त्रीय अभ्यास केला तोही एका बदलीच्या माणसानेच. जेम्स हॉर्नेल हे मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे संचालक होते. खात्याचे काम सांभाळून त्यांनी हिंदी किनाऱ्यावरच्या आणि नद्यांतल्या होड्यांचे जे टिपण केले त्याची सर पुढच्या कोणत्या अहवालाला आली, हे आम्हांस ठाऊक नाही. हरिगोलूची गंमत अशी, की ती नुसती होडी नव्हे. दिवसभर जाळी टाकून झाली की मासेमार ती डोक्यावर घेऊन काठावर येतो, पालथी घालतो, एका कडेला काठीचा टेकू देतो, आणि तिच्याखाली झोपतो. कावेरी आणि तुंगभद्रा खोऱ्यांतील धरणांच्या काठांवर मासेमारांची कुटुंबे अशा पालथ्या टोपल्यांच्या आडोशाला महिनेच्या महिने काढतात. मॅकग्रेगरने जे पुस्तक लिहून जगाला सांगितले, ते ही मंडळी न लिहिता पूर्वीपासून करीत होती. फरक एवढाच, की ती हौसेने जात नव्हती आणि एकटीही नव्हती.

बेळ्ळंदूरचे पाणी हे अशा होडीच्या मापाचे पाणी होय. बंगळूर पठाराच्या कण्यावर वसलेले, समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर. गावाला मोठी नदी नाही. म्हणून या मुलखातल्या पूर्वजांनी उतारावर बांध घालून तलावांच्या माळा केल्या. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्यावरून पाणी खालच्यात यायचे. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी हे ठरविणारा नीरगंटी गावोगाव असे. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्याच्या माळेतला हा सर्वांत थोरला मणी. विस्तार सुमारे नऊशे एकर. इथून पाणी वर्तूरच्या तलावात, तिथून दक्षिण पिनाकिनीत, आणि शेवटी तामिळनाडूतून बंगालच्या उपसागरात. खालच्या गावांची भातशेती या साखळीवर पोसली गेली. १६३८ साली रणदुल्लाखानाबरोबर आलेल्या शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली, आणि त्यांच्या दरबारात जयराम पिंड्यासारखे कवी वावरले, तेव्हाही या पठाराचा कारभार म्हणजे मुख्यतः तलावांचा कारभार होता. १६८७ मध्ये ही जहागीर भोसल्यांच्या हातून गेली. मुलूख सोडून इथे राहिलेल्या मराठी माणसांत शहाजीराजे पहिल्या मानाचे, आणि बदली रद्द करून घेण्याचा खटाटोप त्यांनी केल्याचे ऐकिवात नाही.

परंतु बेळ्ळंदूरच्या पाण्यावर जी सर्वांत मोठी होडी तरंगली तिची हकिकत विसाव्या शतकातली आहे, आणि तिचा धागा सोलापूरला जाऊन पोहोचतो.

वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. बांधकामाच्या ठेक्यांतून वर आलेला हा मनुष्य १९१९ साली सिंधिया कंपनीतर्फे ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विलायतेला पाठवून इंग्रज जहाजकंपन्यांच्या पंक्तीत जाऊन बसला. १९३९ साली ते अमेरिकेहून पॅसिफिक ओलांडून परतत होते. प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमानव्यावसायिकाशी गाठ पडली, आणि हिंदुस्थानात विमानांचा कारखाना काढण्याची गोष्ट निघाली. पॅसिफिकवरून उतारू नेणारी त्या काळची विमाने म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या उडत्या नावाच होत. तेव्हा या कारखान्याचे बीज एका नावेत पडले, असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिले; दिवाण मिर्झा इस्माईल यांनी पाठीशी उभे राहून काम मार्गी लावले; आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. जागा निवडली गेली ती बेळ्ळंदूर तलावाच्या उत्तरेस. याच कारखान्यात कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे, जर्मनीत गटिंगनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले, विमानांचे आराखडे काढू लागले. १९५१ साली उडालेले एचटी-२ हे शिकाऊ विमान त्यांचेच.

वालचंदांच्या हाती मात्र हा कारखाना फार दिवस राहिला नाही. जपानी युद्ध दाराशी आले, १९४२ मध्ये सरकारने व्यवस्था ताब्यात घेतली, आणि १९४३ मध्ये ती अमेरिकन हवाई दलाकडे गेली. विमाने बनविण्यासाठी काढलेला कारखाना विमाने दुरुस्त करू लागला. त्या दुरुस्तीच्या कामात कॅटालिना आली.

कॅटालिना ही उडती नाव पहिल्यांदा उडाली १९३५ साली. पंखांचा पसारा १०४ फूट, दोन एंजिने, भरलेले वजन सुमारे सोळा टन. तिचे पोट बोटीच्या पोटासारखे. पंखांच्या टोकांना दोन लहान तराफे, उड्डाणानंतर वर दुमडले की तेच पंखाचे टोक बनत. वेग त्या काळच्या मानानेही बेताचाच, पण ती तासन्‌तास आकाशात राहू शकत असे. ४ एप्रिल १९४२ रोजी सिंहलद्वीपातल्या कोग्गलाच्या पाण्यावरून निघालेल्या अशाच एका विमानाने, लिओनार्ड बर्चल यांच्या हाताखाली, कोलंबोवर चालून येणारे जपानी आरमार प्रथम पाहिले आणि शत्रूने पाडण्यापूर्वी बातमी धाडली. पुढे १९४३ पासून ऑस्ट्रेलिया ते कोग्गला असा अखंड प्रवास कॅटालिना करू लागल्या. एका फेरीला २७ पासून ३३ तास लागत, वाटेत दोनदा सूर्योदय दिसे.

आमच्या विषयाला जी गोष्ट लागू पडते ती निराळीच. कॅटालिनात झोपायला पथाऱ्या होत्या, लहानशी चूल होती, नांगर होता आणि तळाशी साचणारे पाणी उपसण्याचा पंप होता. आठ-नऊ माणसांनी तिच्यात रांधावे, जेवावे, आळीपाळीने झोपावे, आणि अनोळखी पाण्यावर नांगर टाकून रात्र काढावी, अशीच तिची घडण होती. मॅकग्रेगरची होडी आणि मासेमाराची पालथी टोपली, दोन्ही तिच्या पोटात सामावल्या होत्या.

या उडत्या नावा बेळ्ळंदूरच्या तलावावर उतरत आणि तिथून कारखान्यात दुरुस्तीसाठी नेल्या जात. समुद्रावरच्या पक्ष्याला समुद्रापासून शेकडो कोस आत, डोंगरमाथ्यावरच्या गोड्या पाण्यात आणून बसविण्याचा हा प्रकार. राजस्थानातल्या राजसमंद सरोवरावरही इम्पीरियल एअरवेजची अशी विमाने उतरत असत. परंतु उंचीचा प्रश्न बेळ्ळंदूरला अधिक कठीण. हवा विरळ, म्हणजे एंजिनाची ओढ कमी आणि पंखाखालचा आधारही कमी. पाण्यावरून सुटायला धाव लांब लागते. थंडीच्या दिवसांत पहाटेची हवा जड असते, ती अशा वेळी वैमानिकाला मदत करते. पौषातल्या धुक्यात हा तलाव कसा दिसतो ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना शेवाळी पाण्यावर पांढरा माग सोडीत जाणारी ती अवजड नाव डोळ्यांपुढे आणणे अवघड जाऊ नये. बंगळूरची थंडी काही कॅनडाची नव्हे, हे खरे. तथापि १३ जानेवारी १८८४ रोजी इथे पारा ७.८ अंशांपर्यंत उतरला होता, आणि उघड्या पाण्यावर तेवढी थंडी एका माणसाला पुरेशी आहे.

सोळा टनांची नाव पेललेल्या या पाण्याचे पुढे काय झाले, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना निराळे सांगायला नको. पण त्याचे कारण बहुधा चुकीचे सांगितले जाते. तलाव आटला म्हणून बिघडला नाही. उलट भरून वाहिला म्हणून बिघडला. १९७४ साली कावेरीचे पाणी बंगळूरात आले. सुमारे शंभर किलोमीटरांवरून, जवळजवळ पाचशे मीटर उंच चढवून आणलेले हे पाणी घराघरांतून वापरले जाऊन उतारानेच खाली येणार, आणि उतार तर पूर्वजांनी तलावाकडेच केलेला. पावसाळ्यात भरून उन्हाळ्यात ओसरणारा तलाव बारमाही झाला, तो सांडपाण्याने. कावेरीचे पाणी अशा वाटेने पिनाकिनीला मिळू लागले, हा भूगोल कोणत्याही नकाशाकाराने आखलेला नाही. साबणाच्या अंशांनी सांडव्यावर फेस चढला, जलपर्णीने पाठ झाकली, तळाशी वायू साठले. २०१५ च्या मे महिन्यात फेसाने पेट घेतला. २०१७ च्या फेब्रुवारीत पुन्हा धूर निघाला. १९ जानेवारी २०१८ रोजी लागलेली आग विझवायला लष्कराचे हजारो जवान आले. म्हणजे जानेवारीतच, ज्या महिन्यात पाण्यावर रात्र काढावी त्या महिन्यात, हे पाणी जळत होते. त्याच वर्षी डिसेंबरात हरित न्यायाधिकरणाने राज्य सरकारला पाचशे कोटी रुपये बाजूला ठेवण्यास सांगितले आणि न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर गाळ उपसण्याचे काम हाती घेण्यात आले.

आमचे एक स्नेही, हिशेबखात्यातले, निवृत्तीला दोन वर्षे उरलेली, यांनी घडीची एक रबरी होडी विकत घेऊन ठेवली आहे. पुण्यात घर आहे, तिथे नदी आहे, पण त्यांच्या मनात बेळ्ळंदूर. गेल्या पौषात एका पहाटे ते आम्हांस बांधावर घेऊन गेले. होडी आणली नव्हती. नुसते पाहायचे होते. कुंपणापलीकडे पाण्याचा एक मोकळा पट्टा दिसत होता, आणि वास अगदी नव्हता असे म्हणता येणार नाही. स्नेह्यांनी लांबी-रुंदीचा अंदाज घेतला, वाऱ्याची दिशा पाहिली, राहुटी कुठे ठोकता येईल याचा विचार केला. कारखान्याच्या बाजूने एक विमान उठले तेव्हा दोघेही वर पाहू लागलो. इतक्यात खालच्या वाटेने एक मासेमार डोक्यावर हरिगोलू पालथी घेऊन चालला होता. टोपलीखालून त्याचे फक्त पाय दिसत होते. स्नेह्यांनी मोडक्या कन्नडमध्ये विचारले, इथेच जाळे टाकणार काय? टोपली थांबली. आतून आवाज आला, की नाही, पलीकडच्या तलावावर. इथे अजून नाही. आणि पाय पुढे चालू लागले.