पातूर परिसरातील ज्येष्ठ नागरिकांचे जीवन

पातूर हे महाराष्ट्राच्या अकोला जिल्ह्यातील शहर व तालुक्याचे मुख्यालय असून ते अकोल्याच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. वऱ्हाडातील इतर लहान शहरांप्रमाणे येथेही निवृत्तांसाठी स्वतंत्र वसाहतीची पद्धत रूढ नाही. वृद्ध मंडळी आपल्या राहत्या घरी व जुन्या शेजारात उतारवय काढतात आणि उपचार, निवृत्तिवेतन, न्याय व प्रवास यांसाठी पातूर, बाळापूर व अकोला या तीन शहरांवर अवलंबून असतात.

संकल्पना

उष्ण व कोरड्या प्रदेशात निवृत्तांसाठी वेगळे नगर वसवण्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातील सन सिटी. बांधकाम व्यावसायिक डेल वेब यांनी फिनिक्स शहराजवळच्या वाळवंटी भागात ही वसाहत उभारली आणि १ जानेवारी १९६० रोजी ती लोकांसाठी खुली झाली. तिच्या शेजारी असलेले यंगटाउन हे गाव १९५४ मध्येच निवृत्तांसाठी वसवले गेले होते. अशा वसाहतींत प्रवेशाला साधारणपणे ५५ वर्षे वयाची अट असते. घरे, करमणूक केंद्रे, दुकाने व दवाखाने यांची रचना वृद्धांच्या सोयीने केलेली असते. शाळकरी मुलांच्या कुटुंबांना तेथे कायमचे राहता येत नाही.

पातूर परिसरातील रीत याच्या उलट आहे. येथे वृद्ध गाव सोडत नाहीत. शिक्षण व नोकरीसाठी तरुण पिढी अकोला, नागपूर, पुणे किंवा मुंबईकडे जाते. त्यामुळे अनेक घरांत फक्त वृद्ध दांपत्य किंवा एकटी वृद्ध व्यक्ती उरते. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत ६० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते.

हवामान आणि निवास

वऱ्हाड वाळवंट नसले तरी येथील उन्हाळा देशातील अत्यंत कडक उन्हाळ्यांपैकी एक मानला जातो. मे महिन्यात अकोल्याचे तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. वयोमानानुसार तहानेची जाणीव मंदावते व घामावाटे शरीर थंड राखण्याची क्षमता कमी होते. रक्तदाबाच्या काही औषधांमुळेही शरीरातील पाणी घटते. म्हणून उष्माघाताचा धोका वृद्धांना अधिक असतो. एकट्या राहणाऱ्या व्यक्तीची गुंगी किंवा असंबद्ध बोलणे वेळीच लक्षात येत नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत हा धोका आणखी वाढतो.

जुन्या मातीच्या जाड भिंतींची धाब्याची घरे दुपारी तुलनेने थंड राहतात. पत्र्याची घरे लवकर तापतात. हवा कोरडी असल्याने पाण्यावर चालणारा कूलर येथे परिणामकारक ठरतो, परंतु त्याला वीज व पाणी दोन्ही लागतात. भारनियमन किंवा पाणीटंचाई असेल तेव्हा हा आधार तुटतो. शेतीची व बाजाराची कामे सकाळी उरकणे, डोक्याला दुपट्टा बांधणे, ताक व कैरीचे पन्हे घेणे ही उन्हापासून बचावाची पारंपरिक साधने आहेत.

शेजारची शहरे

पातूरमध्ये तहसील कार्यालय, बाजारपेठ व बँका आहेत. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी रुग्णांना अकोल्याला जावे लागते. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले. पातूर रेल्वेमार्गावर नाही. अकोला–पूर्णा लोहमार्ग बार्शीटाकळी व वाशीमवरून जातो, त्यामुळे पातूरच्या प्रवाशांना रेल्वेसाठी अकोला स्थानक गाठावे लागते. महसुली कामकाजात पातूर तालुका बाळापूर उपविभागात येतो.

या अंतरांमुळे एसटी बस हे वृद्धांच्या जीवनातील महत्त्वाचे साधन ठरते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना राज्यातील एसटी प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७५ वर्षे वयाच्या प्रवाशांना अर्धे भाडे द्यावे लागते. मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या महिलांनाही अर्ध्या भाड्याची सवलत मिळते.

निवृत्तिवेतन

शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्यांना नियमित निवृत्तिवेतन मिळते; त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खालील किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे. ती वाढवावी यासाठी शेजारच्या बुलढाणा शहरात डिसेंबर २०१८ पासून निवृत्तांनी साखळी उपोषण चालवले.

शेतकरी, शेतमजूर व घरकाम करणाऱ्या स्त्रियांना निवृत्तीचे ठरलेले वय नसते. ६५ वर्षे पूर्ण केलेल्या निराधार व्यक्तींसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये असून २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये दिले जाऊ लागले. अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. वयाचा पुरावा नसणे, आधार व बँक खात्यातील नावांत फरक असणे किंवा बोटांचे ठसे झिजलेले असणे या कारणांनी लाभ अडू शकतो.

कायदेशीर संरक्षण

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ नुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आई-वडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. मूळ कायद्यात त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. अर्जाची सुनावणी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे होते व नोटीस बजावल्यापासून साधारणपणे ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो.

कलम २३ वऱ्हाडसारख्या शेतीप्रधान भागात विशेष महत्त्वाचे आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर शेत किंवा घर मुलांच्या नावे केले आणि ती अट पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. दस्तऐवजात अशी अट स्पष्ट नमूद नसल्यास ती सिद्ध करणे अवघड जाते. मुलांना जमीन वाटून देताना ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असलेले वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे.

सामाजिक जीवन

मंदिराचा ओटा, पार, मशिदीचे आवार व भजनी मंडळे ही वृद्धांच्या भेटीगाठीची नेहमीची ठिकाणे आहेत. शहरातील शेख बाबूंचा दर्गा व डोंगरावरील रेणुकामाता मंदिर ही प्रमुख श्रद्धास्थाने होत. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी पातूरमार्गे जाते आणि तिच्या वारकऱ्यांत उतारवयातील भाविकही असतात. शेगावच्या संस्थानात ठरावीक दिवस विनामोबदला सेवा करणाऱ्या सेवेकऱ्यांतही निवृत्त व्यक्ती आढळतात.

नियोजित वसाहतीत सोयी एकाच आवारात मिळतात, पण ओळखी नव्याने कराव्या लागतात. पातूरसारख्या गावात ओळखी आयुष्यभराच्या असतात, मात्र सोयी तीन शहरांत विखुरलेल्या असतात. चालता-फिरता येते तोवर हे अंतर बसने ओलांडता येते. त्यानंतर सोबत येणारे माणूस हीच मुख्य गरज ठरते.