हाशिमा बेट

हाशिमा हे जपानच्या क्यूशू बेटाच्या पश्चिमेस, नागासाकी शहरापासून सुमारे १५ किलोमीटर अंतरावर असलेले निर्जन बेट आहे. समुद्रतळाखालील दगडी कोळशाच्या खाणीमुळे या बेटावर दाट औद्योगिक वस्ती उभी राहिली आणि इ.स. १९७४ मध्ये खाण बंद होताच ती काही महिन्यांत ओस पडली. परित्यक्त वास्तू व बंद कारखाने यांची भ्रमंती करणाऱ्यांमध्ये हे बेट जगभर प्रसिद्ध आहे. इ.स. २०१५ मध्ये युनेस्कोने त्याचा समावेश जागतिक वारसा स्थळांमध्ये केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे सक्तीने राबविण्यात आलेल्या कोरियन व चिनी कामगारांच्या इतिहासामुळे हे बेट आंतरराष्ट्रीय वादाचाही विषय ठरले आहे.

नाव व भूगोल

बेटाची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ४८० मीटर, पूर्व-पश्चिम रुंदी सुमारे १६० मीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ६.३ हेक्टर, म्हणजे साडेपंधरा एकर आहे. मूळ खडकाळ बेट याहून बरेच लहान होते. खाणीतून निघणाऱ्या दगडमातीचा भराव टाकून ते टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आले आणि सभोवार उंच संरक्षक भिंत बांधण्यात आली. समुद्रातून पाहताना ही भिंत व तिच्यामागील उंच इमारती युद्धनौकेसारख्या भासतात. ‘तोसा’ या जपानी युद्धनौकेशी असलेल्या साम्यावरून बेटाला ‘गुन्कान-जिमा’, म्हणजे ‘युद्धनौका बेट’, हे नाव पडले. मूळ नावापेक्षा आज हेच नाव अधिक रूढ आहे.

खाणीचा इतिहास

हाशिमा येथे इ.स. १८१० च्या सुमारास कोळसा आढळला. मित्सुबिशी कंपनीने इ.स. १८९० मध्ये हे बेट विकत घेतले व समुद्रतळाखाली मोठ्या प्रमाणावर खोदकाम सुरू केले. येथील कोळसा उच्च प्रतीचा असल्याने त्याला पोलाद उद्योगात मागणी होती. उभ्या विहिरींतून सुमारे ६०० मीटर खोल उतरून कामगार कोळशाच्या थरांपर्यंत पोहोचत. खाली उष्णता व आर्द्रता अतिशय असे; ज्वालाग्राही वायू आणि दरड कोसळणे यांचा धोका कायम असे. इ.स. १९४१ मध्ये वार्षिक उत्पादन सुमारे ४ लाख ११ हजार टनांवर गेले. हा खाणीच्या इतिहासातील उच्चांक होता. इ.स. १८९१ ते १९७४ या काळात येथून एकूण सुमारे १ कोटी ५७ लाख टन कोळसा काढण्यात आला.

वस्ती व वास्तू

जागा अपुरी असल्यामुळे वस्ती उंचीच्या दिशेने वाढली. इ.स. १९१६ मध्ये बांधलेली ‘क्रमांक ३०’ ही इमारत पोलादी सळयांच्या काँक्रीटने उभारलेली जपानमधील पहिली मोठी निवासी इमारत मानली जाते. पुढील काळात नऊ मजल्यांपर्यंतच्या इमारती उभ्या राहिल्या. अरुंद गल्ल्या, जिने आणि पूल यांनी त्या एकमेकींना जोडलेल्या होत्या.

बेटावर शाळा, रुग्णालय, चित्रपटगृह, दुकाने, बौद्ध मंदिर व शिंतो देवस्थान होते. एका इमारतीच्या गच्चीवर बालवाडी भरत असे. झाडांसाठी जमीन नसल्याने बाहेरून माती आणून गच्च्यांवर बागा फुलविण्यात आल्या. इ.स. १९५७ मध्ये समुद्रतळावरून जलवाहिनी टाकली जाईपर्यंत पिण्याचे पाणी बोटीने येत असे. स्मशानासाठी मात्र बेटावर जागा नव्हती. अंत्यसंस्कार जवळच्या नाकानोशिमा या बेटावर होत.

घरांच्या मांडणीत कंपनीतील श्रेणी स्पष्ट दिसे. वरिष्ठ अधिकाऱ्यांची घरे बेटाच्या उंच भागावर असून त्यांत स्वतंत्र न्हाणीघरे होती. कामगारांच्या कुटुंबांना सार्वजनिक न्हाणीघरे व शौचालये वापरावी लागत. इ.स. १९५९ मध्ये लोकसंख्या ५,२५९ झाली. हे प्रमाण दर चौरस किलोमीटरला सुमारे ८३,५०० इतके होते. जगात कोठेही नोंदल्या गेलेल्या सर्वाधिक घनतांमध्ये त्याची गणना होते.

सक्तीचे श्रम

इ.स. १९३९ नंतर युद्धामुळे जपानी खाणींत मनुष्यबळाची टंचाई निर्माण झाली. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. तेथून शेकडो कामगारांना हाशिमा येथे आणण्यात आले. युद्धाच्या अखेरच्या काळात चिनी कैदीही आणले गेले. अपुरे अन्न, दीर्घ पाळ्या, मारहाण आणि सुटकेचे अयशस्वी प्रयत्न यांच्या आठवणी वाचलेल्या अनेक कामगारांनी नोंदविल्या आहेत. भोवती समुद्र असल्याने पळून जाणे जवळजवळ अशक्य होते. मृतांच्या संख्येबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. बेटावर वाढलेल्या काही जपानी रहिवाशांनी भेदभावाचे आरोप अमान्य केले आहेत.

खाण बंद होणे

इ.स. १९६० च्या दशकात जपानने इंधन म्हणून कोळशाऐवजी खनिज तेलाचा स्वीकार केला आणि देशभरातील खाणी एकामागून एक बंद पडू लागल्या. हाशिमाची खाण जानेवारी १९७४ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी २० एप्रिल रोजी शेवटच्या रहिवाशांनी बेट सोडले. सर्व सामान नेणे शक्य नसल्याने दूरचित्रवाणी संच, फर्निचर, भांडी, खेळणी अशा वस्तू घरांतच राहिल्या. छायाचित्रकार यूजी साइगा यांनी या अखेरच्या दिवसांचे चित्रण केले.

परित्यक्त बेटाची भ्रमंती

ओस पडलेल्या इमारती, खाणी, कारखाने व रुग्णालये यांत जाऊन त्यांचे निरीक्षण व छायाचित्रण करण्याचा छंद अनेक देशांत आढळतो. जपानी भाषेत ‘हाइक्यो’ या शब्दाचा मूळ अर्थ भग्नावशेष असा असून परदेशी हौशी मंडळी हा शब्द छंदासाठीही वापरतात. कुलूप न तोडणे, कोणतीही वस्तू न हलविणे आणि मागे खूण न ठेवणे हे या छंदातील अलिखित नियम होत. तरीही विनापरवाना प्रवेश बहुतेक ठिकाणी बेकायदेशीर असतो आणि कुजलेली जमीन, उघडे खड्डे, विषारी वायू व ॲस्बेस्टॉस यांमुळे जीविताला धोका संभवतो.

हाशिमावर उतरण्यास खाण बंद झाल्यापासून मनाई होती. तरी मासेमारी बोटींतून काही छायाचित्रकार व हौशी मंडळी तेथे पोहोचत. त्यांच्या छायाचित्रांमुळे बेटाची कीर्ती पसरली. इ.स. २००२ मध्ये मित्सुबिशीने बेट स्थानिक नगराकडे सुपूर्द केले आणि इ.स. २००५ मध्ये ते नगर नागासाकी शहरात विलीन झाले. २२ एप्रिल २००९ पासून बेटाचा दक्षिणेकडील छोटा भाग पर्यटकांसाठी खुला करण्यात आला. पर्यटकांना मार्गदर्शकासह ठरावीक मार्गावरूनच फिरावे लागते. निवासी इमारतींत प्रवेश नाही. वारा अथवा लाटा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास बोट धक्क्याला लागत नाही व प्रवाशांना समुद्रातूनच बेट पाहून परतावे लागते.

इ.स. २०१३ मध्ये गूगलने पाठीवर वाहून नेण्याच्या कॅमेऱ्याने बंद भागाचे चित्रण करून ते स्ट्रीट व्ह्यू सेवेत उपलब्ध केले. ‘स्कायफॉल’ (इ.स. २०१२) या चित्रपटातील खलनायकाचे ओसाड बेट हाशिमावरून सुचले होते. इ.स. २०१७ मध्ये प्रदर्शित झालेला ‘द बॅटलशिप आयलंड’ हा दक्षिण कोरियन चित्रपट येथील कोरियन कामगारांवर आधारित आहे.

जागतिक वारसा व वाद

जुलै २०१५ मध्ये बॉन येथील अधिवेशनात ‘मेइजी काळातील जपानची औद्योगिक क्रांती’ या २३ ठिकाणांच्या समूहात हाशिमाची नोंद झाली. ही नोंद इ.स. १९१० पर्यंतच्या कालखंडापुरती आहे. त्यामुळे बेटावरील जुन्या संरक्षक भिंती व खाणीचे आरंभीचे अवशेष तिच्या कक्षेत येतात; ज्यांच्या छायाचित्रांमुळे बेट प्रसिद्ध झाले, त्या काँक्रीटच्या इमारती तिच्या वैश्विक मूल्याचा भाग नाहीत. महायुद्धातील सक्तीचे श्रमही या कालमर्यादेबाहेर राहतात.

या मर्यादेला दक्षिण कोरियाने तीव्र आक्षेप घेतला. तेव्हा काही ठिकाणी अनेक कोरियन व इतर लोकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आणून कठोर परिस्थितीत राबविले गेले, हे जपानच्या प्रतिनिधींनी अधिवेशनात मान्य केले आणि या इतिहासाची माहिती देणारे केंद्र उभारण्याचे आश्वासन दिले. इ.स. २०२० मध्ये टोकियो येथे हे केंद्र सुरू झाले. तेथील मांडणीत सक्तीच्या श्रमांना पुरेसे स्थान नाही, अशी टीका झाली. इ.स. २०२१ मध्ये जागतिक वारसा समितीने आश्वासनाची पूर्ण अंमलबजावणी न झाल्याबद्दल जपानकडे तीव्र खेद व्यक्त केला.

वास्तूंची पडझड

समुद्राच्या तुषारांतील क्षार काँक्रीटमध्ये झिरपतात व आतील सळया गंजतात. गंजलेली सळई फुगते, त्यामुळे काँक्रीटला तडे जाऊन त्याचे पापुद्रे गळतात आणि नव्या भेगांतून क्षार अधिक खोल शिरतात. दरवर्षी येणारी चक्रीवादळे या ऱ्हासाला गती देतात. लाकडी मजले व खिडक्या बहुतांशी नष्ट झाल्या असून ‘क्रमांक ३०’ या इमारतीचेही काही भाग कोसळले आहेत. संरक्षक भिंतींच्या दुरुस्तीला प्राधान्य दिले जाते, कारण त्या ढासळल्यास भरावाची जमीन समुद्रात वाहून जाईल. सर्व इमारती टिकवून ठेवणे तांत्रिक व आर्थिक दृष्ट्या अतिशय कठीण मानले जाते.