मोतिया आणि सोफिया

चंद्रपूर व गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच असलेले जिल्हे. त्यांच्या रानाचा गंध कोणता असे विचारल्यास बहुतेक जण मोहफुलाचे नाव घेतील. चैत्रात ते खरेही आहे. परंतु पावसाळा सरता सरता तेथे जे उंच गवत फुलावर येते, त्याची कथा सांगणारे थोडे. त्यास रोशा अथवा तिखाडी म्हणतात. पाते बोटांत चुरडावे, तो गुलाबाची आठवण व्हावी; आणि तसेच पाते दुसऱ्या ठिकाणचे असले, तर सुंठीसारखा उग्र दर्प यावा! पहिले मोतिया, दुसरे सोफिया.

ही गवते दिसण्यात इतकी सारखी, की १९०६ साली क्यू येथील स्टॅप्फ यांनी सुगंधी गवतांचे वर्गीकरण केले त्यात ती एकाच जातीत पडली. पुढे १९०९ साली बर्किल यांनी त्यांतील भेदाची चर्चा केली. भट्टीवाल्यास मात्र ही निवड कापणीपूर्वीच करावी लागे. मोतिया कोरड्या, उन्हाच्या उतारावर विरळ ठोंबांनी वाढते. सोफिया ओलसर सावलीत दाट माजते. दाट गवताचा भारा लवकर भरतो, हा मोह गरीब मजुरास लहान नव्हे. पण किंमत होती ती मोतियाच्या तेलाला.

या धंद्याचे मोठे क्षेत्र पश्चिमेकडे, खानदेश, वऱ्हाड व निमाड येथे होते. ओढ्याकाठी धातूची डेग, बांबूची नळी आणि पाण्यात बुडविलेले भांडे, एवढीच सामग्री. तेथून तेल मुंबईस जाई व मुंबईहून कॉन्स्टँटिनोपलला. तेथील व्यापारी ते लिंबाच्या रसाने धुऊन, उन्हात ठेवून फिके करीत, आणि मग ते बल्गेरियातील गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. गुलाबात जे जिरॅनिऑल असते, तेच मोतियात विपुल असल्याने ही लबाडी सहजी उघडकीस येत नसे. युरोपात तर या तेलास ‘तुर्की जिरेनियम’ असेच नाव पडले. जणू ते तुर्कस्तानातच उगवले!

मला यात खटकते ते भेसळीपेक्षा हे, की आमच्या डोंगरातील उत्तम गंधालाच आपले नाव टाकावे लागले. सोफियाचे तेल स्वस्त साबणात गेले. त्यास कोणी गुलाब म्हटले नाही.