स्वयं शिक्षण प्रयोग

धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) व लातूर जिल्ह्यांतील भूकंपोत्तर पुनर्वसनातून आकाराला आलेली स्वयंसेवी संस्था. संस्थापक प्रेमा गोपालन. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घरदुरुस्ती सरकारी मदतीने, पण घरमालकांच्या हातून व्हायची होती. त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या. दगडमातीच्या जाड भिंती बळकट कशा करायच्या हे त्या घरोघर समजावत, मदतीचा हप्ता कुठे अडला ते विचारत. संस्थेची स्वतंत्र नोंदणी १९९८ मधली, म्हणजे काम आधी, कागद नंतर. संस्था उभारणीचा हाच क्रम योग्य म्हणावा लागेल. गावाची गरज आणि ती पेलणारी माणसे ठरल्यावरच घटनेला व पदाधिकाऱ्यांना अर्थ येतो.

नोंदणीविना हिशेब आणि उत्तरदायित्व राहत नाही, हा आक्षेप रास्त आहे. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानुसार किमान सात सभासद लागतात, आणि लोकांकडून देणगी घेणाऱ्यांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख हवीच. मात्र सात सह्या जमवणे सोपे असते, सात जबाबदार माणसे जमवणे कठीण. बचतगटाची वही बायकांसमोर उघडी ठेवली, की हिशेबाची शिस्त नोंदणीची वाट पाहत नाही. पुढे अवर्षणग्रस्त भागात संस्थेने स्त्रियांच्या हाती सुमारे एक एकर जमीन अन्नपिकांसाठी यावी यावर भर दिला. २०१६ मध्ये तिला इक्वेटर पुरस्कार मिळाला.