ईमेल अर्धवट दिसतोय? आधी ही सेटिंग बघा

माझ्या मित्राला इंटरव्ह्यूचा मेल आला. लॅपटॉपवर थंडरबर्डमध्ये उघडला तर एकच ओळ: तुमचं ॲप एचटीएमएल दाखवू शकत नाही. तोच मेल फोनवर जीमेलमध्ये उघडला, तर तारीख, वेळ, पत्ता सगळा तक्ता समोर! मुलाखत दुसऱ्याच दिवशी होती.

झालं काय होतं? बऱ्याच मेलमध्ये एकच निरोप दोनदा भरलेला असतो, एकदा साध्या मजकुरात आणि एकदा रंग, तक्ते, चित्रांसह एचटीएमएलमध्ये. याला 'मल्टिपार्ट ऑल्टरनेटिव्ह' म्हणतात. ही पद्धत १९९२ च्या 'माइम' मानकातून आली. साधा भाग आधी, सजवलेला शेवटी. ॲपने आपल्याला जमेल तो सर्वात शेवटचा भाग दाखवायचा. मित्राने थंडरबर्डला 'फक्त साधा मजकूर दाखव' असं कधीतरी सांगून ठेवलं होतं, आणि पाठवणाऱ्याने साध्या भागात काही लिहिलंच नव्हतं. (आळस, दुसरं काय!)

थंडरबर्डमध्ये हे बदलायचं तर 'व्ह्यू' मेनूत 'मेसेज बॉडी ॲज' वर जा. विंडोजवर मेनू दिसत नसेल तर ऑल्ट दाबा. तिथे तीन पर्याय आहेत: ओरिजिनल एचटीएमएल, सिंपल एचटीएमएल, प्लेन टेक्स्ट. मी सिंपल ठेवतो. ठळक अक्षरं, लिंक राहतात, जास्तीची सजावट गळते. ओरिजिनलमध्ये मेल छान दिसतो, पण खोटे मेलही तितकेच छान दिसतात. लिंकवर बँकेचं नाव आणि आत भलताच पत्ता, हा खेळ एचटीएमएलमुळेच जमतो.

त्याच मेनूत 'डिस्प्ले अटॅचमेंट्स इनलाइन' आहे. चालू असेल तर जोडलेले फोटो मजकुराखालीच उघडे दिसतात, बंद केलं तर फक्त फाइलची नावं. ग्रुपवर कुणी वीस फोटो पाठवत असेल तर बंदच बरं.

फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये साध्या मजकुराचा पर्याय नाही. पण सेटिंग्जमध्ये आपल्या अकाउंटवर टॅप करून 'इमेजेस' खाली 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस' निवडता येतं. बाहेरून येणारं चित्र लोड झालं की मेल उघडल्याचं पाठवणाऱ्याला कळू शकतं, म्हणून हे करून ठेवा. जोडलेल्या फाइलींवर याचा परिणाम होत नाही.

तरीही शंका असेल तर कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, मेलच्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' घ्या. मेलचे सगळे भाग तिथे एकाखाली एक दिसतात.