बाईचा नकार

बाईच्या ‘नाही’ला किंमत केव्हा येते? शार्लट ब्राँटे हिची ‘जेन एअर’ १८४७ साली निघाली, तीही करर बेल या टोपणनावाने. जेन ही पोरकी मुलगी, वर्षाला तीस पौंडांवर रॉचेस्टर नावाच्या धनिकाच्या वाड्यात शिक्षिका. नोकरांत बसावे तर ती शिकलेली. पाहुण्यांत बसावे तर पगारी. मालकच तिला मागणी घालतो. पण ऐन लग्नाच्या वेळी कळते की, त्याची पहिली बायको त्याच वाड्यात कोंडलेली आहे. जीव जडलेला असूनही जेन घर सोडते. पुढे चुलत्याची संपत्ती मिळाल्यावर, स्वतःच्या पायांवर उभी राहूनच ती त्याच्याकडे परतते.

आता आपली यमू आठवा. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. जेनप्रमाणे यमूही आपली कहाणी स्वतःच सांगते. नवऱ्याने तिला हौसेने शिकविले, मुंबईचे सुखाचे दिवस दाखविले. तो गेला आणि सारेच गेले. तिचे केशवपन झाले ते तिच्या इच्छेविरुद्ध. घर सोडावे तर जावे कोठे? अक्षरओळख होती, पण तिच्यावर पोट भरण्याची वाट नव्हती.

तिसरी नायिका कादंबरीतली नव्हे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्या नांदायला जाईनात, म्हणून १८८४ साली नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. मौज अशी की, हा दावा इंग्रजी कायद्यातून आलेला. आणि खुद्द इंग्लंडात त्यापायी होणारी कैद त्याच साली रद्द झाली! इकडे मात्र १८८७ साली हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड झाली. पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या.

रखमाबाई सुतार समाजातल्या. त्यांच्या विधवा आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. त्यांच्या जातीत ती रीत होती. आमच्या किनवटच्या रानातल्या गोंडांतही विधवेला पुन्हा संसार मांडता येतो. यमूच्या ब्राह्मण घरात ते दार बंद होते. म्हणजे घराणे जितके थोर, तितका बाईचा उंबरठा उंच! विलायतेतही लग्न होताच बाईची मिळकत बहुतेक नवऱ्याच्या हाती जाई; ती खऱ्या अर्थाने तिची राहिली १८८२ च्या कायद्याने. तेव्हा जेनचे स्वातंत्र्यही लग्नानंतर रॉचेस्टरच्या भलेपणावरच टेकलेले होते.

किनवटास मी पुष्कळ वर्षे मुलींना शिकविले. तुळशीचे लग्न झाले की, वर्गातला एखादा बाक रिकामा होई. कारण कोणाला विचारावे लागत नसे. ‘मुलीने हो म्हटले,’ असे वडील सांगत. तिला नाही म्हणता आले असते का, हे मात्र कोणी सांगत नसे. भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर, वाचकहो, लेकीबहिणींना तेवढी मोकळीकही घाला.